मेजिरोचे महिला विद्यापीठ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांना महिला विद्यापीठाची कल्पना टोकियोतील एका संस्थेच्या माहितीपुस्तिकेवरून सुचली, असा उल्लेख आमच्या अंकातील एका लेखात ओघाने आला होता. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच संस्थेसाठी राखून ठेवणे आम्हाला उचित वाटले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : कर्व्यांना प्रेरणा देणारी ती जपानी संस्था नेमकी कोणती? ती सरकारने काढली होती काय? ती आज चालू आहे काय?

ती संस्था म्हणजे टोकियोच्या मेजिरो भागातील ‘निहोन जोशी दाइगाक्को’, अर्थात आजचे जपान महिला विद्यापीठ. २० एप्रिल १९०१ रोजी तिचे उद्घाटन झाले आणि ती आजही त्याच जागी नांदते आहे. ती सरकारने काढली नाही. तिच्या स्थापनेत मंत्री, सरदार आणि बडे व्यापारी यांचा हात होता हे खरे. पण ते सारे देणगीदार आणि हितचिंतक या नात्याने आले होते. संस्था पहिल्या दिवसापासून खासगी आहे.

संस्थापक नारुसे जिन्झो यांचा जन्म १८५८ साली आजच्या यामागुची प्रांतातील एका सामुराई घराण्यात झाला. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ओसाकातील बाइका या मुलींच्या शाळेत शिकवायला सुरुवात केली. पुढे धर्मोपदेशकाचे काम करत असताना निईगाता येथे त्यांनी मुलींची शाळा उभी केली. १८९० ते १८९४ अशी चार वर्षे ते अमेरिकेत होते. तिथे अँडोव्हरच्या धर्मशास्त्र विद्यालयात आणि क्लार्क विद्यापीठात त्यांनी अध्ययन केले, स्त्रियांची महाविद्यालये पाहिली, आणि परत येताना मायदेशी स्त्रियांसाठी उच्च शिक्षणाची संस्था काढायचीच, असा निश्चय करून आले. १८९६ साली त्यांनी स्त्रीशिक्षणावर एक ग्रंथ लिहिला. स्त्रीला प्रथम माणूस म्हणून, मग स्त्री म्हणून आणि त्यानंतर राष्ट्राची घटक म्हणून शिक्षण द्यावे, हे त्याचे सूत्र होते.

या सूत्रातील क्रमाकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. ‘चांगली पत्नी आणि शहाणी माता’ घडवणे हा त्या काळच्या जपानी शासनाचा स्त्रीशिक्षणाविषयीचा घोषित हेतू होता. १८९९ च्या आदेशाने प्रत्येक प्रांतात मुलींचे माध्यमिक विद्यालय काढण्याचे बंधन आले, पण त्याची दिशाही तीच होती. नारुसे यांनी पत्नीपद किंवा मातृपद नाकारले नाही. त्यांनी त्याच्या आधी माणूसपण ठेवले. संस्थेच्या पुढच्या इतिहासातील बहुतेक यशाचे आणि काही ताणांचेही मूळ या क्रमात सापडते.

प्रश्न : सरकारी मदत नसताना एवढी संस्था उभी राहिली कशी? तिला पैसा कोणी दिला?

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर एका बाईंची ओळख करून द्यावी लागते. हिरोओका आसाको यांचा जन्म १८४९ साली क्योतोच्या मित्सुई घराण्याच्या एका शाखेत झाला. लहानपणी त्यांना वाचनाची विलक्षण ओढ होती; पण मुलीच्या जातीला विद्या कशाला हवी, असे म्हणून वयाच्या तेराव्या वर्षी घरच्यांनी त्यांच्या वाचनावर बंदी घातली. ओसाकातील काजिमाया या सावकारी पेढीच्या घरात त्यांचा विवाह झाला. १८६८ मध्ये सामुराई राजवट जाऊन सम्राटाची सत्ता आली, त्या मेइजी क्रांतीच्या धामधुमीत अनेक जुन्या पेढ्या बुडाल्या, तेव्हा सासरचा व्यवहार सावरण्यासाठी त्या स्वतः पुढे झाल्या. क्यूशूमधील कोळशाच्या खाणीचा कारभार त्यांनी पाहिला, १८८८ मध्ये स्थापन झालेल्या काजिमा बँकेत आणि १९०२ मध्ये स्थापन झालेल्या दाइदो आयुर्विमा कंपनीत त्यांचा मोठा वाटा होता.

नारुसे आपला ग्रंथ घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्या आधीच अनेक मदत मागणाऱ्यांना कंटाळलेल्या होत्या. ग्रंथ वाचल्यावर मात्र त्यांचे मन पालटले. त्यांनी स्वतः पैसा दिलाच, शिवाय ओळखीच्या धनिकांची आणि राजकारण्यांची दारे नारुसे यांच्यासाठी उघडून दिली. संस्था आधी ओसाकात काढायची असे ठरत होते. पण आसाको यांच्या माहेरच्या मित्सुई कुटुंबाने मेजिरो येथील आपल्या वाड्याची सुमारे साडेपाच हजार त्सुबो, म्हणजे अंदाजे अठरा हजार चौरस मीटर जागा दिली आणि टोकियोचे नक्की झाले. स्थापना समितीचे अध्यक्षपद माजी पंतप्रधान ओकुमा शिगेनोबु यांनी स्वीकारले, जे स्वतः वासेदा या विख्यात खासगी विद्यापीठाचे संस्थापक होते. उद्योगपती शिबुसावा एइइची यांनी पहिल्यापासून आर्थिक बाजू सांभाळली आणि अखेरच्या वर्षी, १९३१ मध्ये, ते संस्थेचे तिसरे अध्यक्षही झाले. त्यांच्यानंतर त्या पदावर इनोउए हिदे आल्या. त्या याच संस्थेच्या माजी विद्यार्थिनी होत्या, आणि अध्यक्षपदी आलेल्या पहिल्या स्त्री.

त्या काळी जपानमधील मुलींच्या खासगी शाळांपैकी पुष्कळ शाळा ख्रिस्ती मिशनांच्या पैशावर चालत. मेजिरोची संस्था मात्र देशी पैशावर आणि कोणत्याही एका पंथाचा शिक्का न घेता उभी राहिली. नारुसे यांची स्वतःची श्रद्धाही पुढे सर्व धर्मांतील समान तत्त्वांकडे वळली. १९१२ मध्ये त्यांनी शिबुसावा आणि धर्माभ्यासक आनेसाकी मासाहारु यांच्यासह त्यासाठी एक संघटनाही काढली. खासगी संस्थेला शासनाची किंवा मिशनची ओंजळ नसली म्हणजे मोकळीक मिळते, पण दर देणगीदाराची मर्जीही राखावी लागते. या दोन्ही गोष्टी पुढच्या उत्तरांत दिसतील.

प्रश्न : ती खरोखर विद्यापीठ होती काय? काही ठिकाणी तिचा उल्लेख ‘विद्यालय’ असा आढळतो.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर ती पहिली सत्तेचाळीस वर्षे विद्यापीठ नव्हती. नावात विद्यापीठ होते, अधिकारात नव्हते. हा मुद्दा जरा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण जपानमधील खासगी विद्यापीठांची सारीच कथा त्यात गुंतलेली आहे.

मेइजी काळात (१८६८ ते १९१२) पदवी देण्याचा आणि स्वतःला खऱ्या अर्थाने विद्यापीठ म्हणवण्याचा मान केवळ सरकारी ‘साम्राज्य विद्यापीठां’ना होता. फुकुझावा युकिची यांनी १८५८ मध्ये काढलेली केइओ आणि ओकुमांनी १८८२ मध्ये काढलेली वासेदा या संस्थासुद्धा नावलौकिक असूनही दुय्यम मानल्या जात. १९०३ मध्ये उच्च व्यावसायिक विद्यालयांसाठी स्वतंत्र आदेश निघाला आणि १९०४ मध्ये मेजिरोच्या संस्थेची नोंद त्याखाली झाली. पुढे १९१८ च्या विद्यापीठ आदेशाने खासगी संस्थांना विद्यापीठाचा दर्जा मिळण्याची वाट खुली झाली. केइओ, वासेदा, दोशिशा या १९२० मध्ये रीतसर विद्यापीठे झाल्या. मुलींच्या एकाही संस्थेला मात्र ही पायरी चढू दिली नाही. नारुसे यांनी त्यासाठी अखेरपर्यंत खटपट केली, त्यांच्यामागून आलेल्यांनीही केली. पण महायुद्धापूर्वी यश आले नाही.

दर्जा मिळाला तो महायुद्धानंतर शिक्षणव्यवस्था नव्याने रचली गेली तेव्हा. एप्रिल १९४८ मध्ये नव्या पद्धतीची पहिली बारा विद्यापीठे मंजूर झाली, त्यांत पाच महिलांची होती : जपान महिला विद्यापीठ, त्सुदा जुकु, टोकियो महिला ख्रिस्ती विद्यापीठ, सेइशिन आणि कोबे जोगाकुइन. बारांपैकी अकरा खासगी होती, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. युद्धपूर्व काळात ज्यांना दाराबाहेर उभे केले होते, तीच नवी व्यवस्था आली तेव्हा सर्वांत आधी सिद्ध असलेली निघाली.

कर्वे यांच्या दृष्टीने याच बाबीला महत्त्व होते, असे आम्हाला वाटते. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी या संस्थेचे उदाहरण समोर ठेवून महिला विद्यापीठाची योजना मांडली आणि १९१६ मध्ये, सरकारी मान्यतेची वाट न पाहता, ती अमलात आणली. आधी काम, मग सनद, हा मेजिरोचा मार्ग होता. देशी भाषेतून उच्च शिक्षण देता येते याचाही मेजिरो हा चालता दाखला होता, कारण तिथले शिक्षण जपानी भाषेत होते. पुढे १९२९-३० च्या जगप्रवासात अण्णांनी टोकियोला जाऊन ती संस्था प्रत्यक्ष पाहिली.

प्रश्न : तिथे प्रामुख्याने गृहविज्ञान शिकवत असत, असे वाचनात आले. मग हे उच्च शिक्षण होते की मुलींना स्वयंपाकघरातच ठेवण्याची सुशिक्षित तऱ्हा?

हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला आणि तो बिनबुडाचा नाही. १९०१ साली तीन विभाग उघडले : गृहविज्ञान, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य. सोबत माध्यमिक विद्यालय होते. पहिल्या वर्षी सर्व मिळून ५१० मुली आल्या, आणि इंग्रजी साहित्याच्या मुख्य विभागात त्यांतील केवळ १० होत्या. गृहविज्ञान हा विषय घरोघरच्या वडीलधाऱ्यांना चालण्यासारखा होता, देणगीदारांनाही तो पटत असे. मुलीला घराबाहेर काढण्याचा तो परवाना होता म्हणा.

पण त्या नावाखाली प्रत्यक्षात काय शिकवले जात होते, हे पाहिल्यावाचून निर्णय देणे अन्यायाचे होईल. अन्न, वस्त्र, निवारा आणि आरोग्य हे विषय शास्त्र म्हणून शिकवायचे तर रसायन, शरीरशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवावेच लागते. रसायनासाठी तिथे नागाइ नागायोशि येत असत. माओ या औषधी वनस्पतीतून एफेड्रिन वेगळे काढणारे ते नामवंत शास्त्रज्ञ. मुलींसाठी त्यांनी प्रयोगशाळा उभी करवून घेतली आणि केवळ पाठांतराने रसायन येत नाही म्हणून प्रत्यक्ष प्रयोगांवर भर दिला.

त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनींत तांगे उमे होत्या. कागोशिमात १८७३ साली जन्मलेल्या या बाईंचा उजवा डोळा बालपणीच अपघातात गेला होता. काही वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून, इतर मुलींची लग्ने होऊन संसार मार्गी लागलेल्या वयात, अठ्ठावीसाव्या वर्षी त्या गृहविज्ञान विभागात दाखल झाल्या. शिक्षण पूर्ण झाल्यावर नागाइंच्या हाताखाली त्या साहाय्यक राहिल्या. १९१२ मध्ये रसायनाच्या माध्यमिक शिक्षकपदाची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९१३ मध्ये सेंदाइच्या तोहोकु साम्राज्य विद्यापीठाने तीन स्त्रियांना प्रवेश दिला, त्यांत कुरोदा चिका आणि माकिता राकु यांच्यासह त्या होत्या. जपानमध्ये साम्राज्य विद्यापीठात स्त्रिया येण्याचा तो पहिलाच प्रसंग. शिक्षण मंत्रालयाने या प्रवेशाविषयी शंका घेणारे पत्र विद्यापीठाला पाठवले, पण विद्यापीठ मागे हटले नाही. पुढे तांगे अमेरिकेला गेल्या, जॉन्स हॉपकिन्समधून १९२७ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या, आपल्या जुन्या संस्थेत अध्यापन केले, जीवनसत्त्वांवर संशोधन केले आणि १९४० मध्ये टोकियो साम्राज्य विद्यापीठाची कृषिशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. गृहविज्ञान विभागाच्या दारातून आत गेलेली मुलगी कुठवर जाऊ शकते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण आमच्यापाशी नाही.

हाच विषय पुढे फुटत आणि वाढत गेला. १९२१ मध्ये समाजकार्याचा स्वतंत्र विभाग निघाला. बालसंरक्षण आणि गिरण्या-कारखान्यांतील स्त्री कामगारांचे हित हे त्याचे विषय होते. निवाऱ्याच्या अभ्यासातून वास्तुविद्या आली. वास्तुकलेतील प्रित्झकर पारितोषिकाच्या मानकरी सेजिमा काझुयो येथेच, गृहविज्ञानाच्या अंगणात वाढलेल्या निवासशास्त्र विभागात, शिकल्या. विज्ञानाचे स्वतंत्र विद्याशाखा म्हणून दालन १९९२ मध्ये उघडले, २०२४ मध्ये वास्तुविद्या आणि डिझाइन ही विद्याशाखा वेगळी झाली, आणि २०२५ मध्ये आहारशास्त्र. तेव्हा ‘स्वयंपाकघरातच ठेवण्याची तऱ्हा’ हे वर्णन आम्हाला मान्य नाही. मात्र विषयाच्या मर्यादेमुळे अनेक मुलींना आपल्या आवडीची विद्या शिकता आली नाही, हेही तितकेच खरे आहे. हिरात्सुका राइचो यांना घरून फक्त गृहविज्ञानाचीच परवानगी मिळाली होती, आणि त्या विषयात त्यांचे मन रमले नाही.

प्रश्न : वरील हिरात्सुका राइचो म्हणजे जपानच्या स्त्री चळवळीतील त्याच काय? मग संस्थेने त्यांना घडवले असे म्हणता येईल काय?

होय, त्याच. १९०३ मध्ये त्या मेजिरोला आल्या आणि १९०६ मध्ये शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. सप्टेंबर १९११ मध्ये त्यांनी सहकारी स्त्रियांसह सुरू केलेल्या ‘सेइतो’ या मासिकाने जपानभर खळबळ उडवली. संस्थापक मंडळातील बहुतेक जणी याच संस्थेच्या माजी विद्यार्थिनी होत्या, आणि पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ १९०७ मध्ये येथून शिकून बाहेर पडलेल्या चित्रकार नागानुमा चिएको यांनी काढले होते.

घडवले का, याचे उत्तर सरळ नाही. नारुसे सर्व विद्यार्थिनींना आचारनीतीचा तास स्वतः घेत. त्यात कोणताही ठरावीक ग्रंथ पढवण्यापेक्षा प्रत्येकीने स्वतः विचार करून स्वतःचे तत्त्व ठरवावे, असा त्यांचा आग्रह असे. वसतिगृहांचा कारभार मुली स्वतः पाहत, क्रीडामहोत्सव त्याच भरवत. चेंडू आणि टोपलीचा खेळ, म्हणजे बास्केटबॉल, नारुसे यांनी बाइकाच्या दिवसांतच मुलींना शिकवला होता. मेजिरोच्या मैदानावर मुली सायकल चालवत, हे पाहायला शहरातून लोक येत. १९०४ मध्ये माजी विद्यार्थिनींनी स्थापन केलेल्या ओफूकाइ या संघाने स्वतःचे साप्ताहिकही काढले. ज्या देशात १९०० च्या कायद्याने स्त्रियांना राजकीय सभेला बसण्याचीही मनाई होती, तिथे एवढे स्वयंशासन मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

परंतु स्वतः विचार करायला शिकवलेल्या मुली संस्थेला अडचणीचे वाटतील असा विचार करू लागल्या, तेव्हा संस्था मागे सरली. १९०८ मध्ये राइचो एका लेखकाबरोबर घर सोडून शिओबाराच्या डोंगरात गेल्या, वर्तमानपत्रांनी तो विषय चघळला, आणि माजी विद्यार्थिनी संघाने त्यांचे नाव यादीतून काढून टाकले. ते नाव परत घातले गेले १९९२ मध्ये, राइचो यांच्या निधनानंतर एकवीस वर्षांनी. देणगीदार आणि पालक यांच्या विश्वासावर तग धरणाऱ्या खासगी संस्थेला बदनामी परवडत नव्हती, ही सबब समजण्यासारखी आहे. तरीही आपल्याच पहिल्या सूत्राला तिने तिथे बगल दिली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : रवींद्रनाथ टागोर या संस्थेत गेले होते काय?

होय. १९१६ च्या जपान दौऱ्यात नारुसे यांच्या निमंत्रणावरून त्यांनी संस्थेला भेट दिली, आणि ऑगस्टमध्ये कारुइझावा येथील संस्थेच्या ग्रीष्मनिवासात विद्यार्थिनींसमोर ध्यान व चिंतन या विषयांवर प्रवचने केली. त्याच दौऱ्यात टागोरांनी जपानच्या आक्रमक राष्ट्रवादावर जाहीर टीका केल्यामुळे अनेकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. मेजिरोचे दार त्यांना खुले राहिले, हे नोंदवण्याजोगे आहे.

प्रश्न : नारुसे यांच्यानंतर संस्थेचे काय झाले? मुलींना सगळी विद्यापीठे खुली असताना आज तिथे केवळ मुलींनाच प्रवेश असतो काय?

यकृताच्या कर्करोगाने आपण जगणार नाही हे कळल्यावर नारुसे यांनी २९ जानेवारी १९१९ रोजी सभागृहात निरोपाचे भाषण केले. श्रद्धेवर ठाम राहणे, स्वयंप्रेरणेने निर्मिती करणे आणि सहकार्याने सेवा करणे, ही तीन तत्त्वे त्यांनी स्वहस्ते लिहून ठेवली. ती आजही संस्थेचे ब्रीद आहेत. ४ मार्च १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. १९२३ च्या भूकंपात त्याच सभागृहाची विटांची बाहेरची बाजू ढासळली, आतला लाकडी भाग वाचला. बाहेरून लाकडी बांधणी करून ते पुन्हा उभे केले गेले.

आजही प्रवेश स्त्रियांनाच असतो. २०२४ पासून पारलिंगी स्त्रियांनाही तो खुला झाला आहे, आणि या निर्णयामागे बरीच वर्षे चाललेली चर्चा होती. जपानमध्ये तरुणांची संख्या घटत असल्याने महिलांच्या अनेक खासगी संस्था सहशिक्षणाकडे वळल्या किंवा बंद झाल्या. मेजिरोने दुसरा उपाय निवडला : कावासाकी शहरातील निशि-इकुता येथे १९९० मध्ये सुरू केलेली मानवविद्यांची शाखा २०२१ मध्ये पुन्हा मेजिरोत आणून सारी विद्यापीठीय कामे एका आवारात एकवटली. तो विकास आराखडा आणि २०१९ मध्ये उघडलेले ग्रंथालय या दोन्हींच्या वास्तुविशारद सेजिमा काझुयो आहेत. हा मार्ग पुरेसा ठरेल की नाही, हे पुढच्या काही वर्षांच्या प्रवेशसंख्येवरून कळेल. आमच्या मते प्रश्न मुलींना वेगळे शिकवावे की नाही एवढाच नाही, तर अभियांत्रिकी व विज्ञानात मुलींचे प्रमाण अजून कमी असलेल्या देशात त्या विषयांना अग्रक्रम देणारी महिला संस्था असावी की नाही, हा आहे. आणि ती असावी, असे आम्हाला वाटते.

टोकियोला जाणाऱ्या वाचकांसाठी एवढेच : फुकुतोशिन भुयारी मार्गावरील झोशिगाया स्थानकापासून विद्यापीठ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नारुसे स्मारक सभागृह आणि स्मारक संग्रहालय पाहायचे असेल, तर ते कोणत्या दिवशी खुले असतात याची विद्यापीठाकडे आधी चौकशी करून जावे.